मायकेल होगन : दहा मिनिटांच्या सामन्यातला बचावपटू

गेलिक फुटबॉलच्या जुन्या वृत्तांतांत बचावपटूचे नाव क्वचितच भेटते. बातमीदार गुण मिळवणाऱ्याचे नाव लिहितो, कर्णधाराचे लिहितो, एखादा अवघड फटका अडवला तर गोलरक्षकाचे लिहितो. कोपऱ्यातल्या बचावपटूने तासभर समोरच्या आघाडीवीराला चेंडू मिळू दिला नाही, तर त्या कामगिरीची नोंद म्हणजे त्या आघाडीवीराच्या नावापुढचे शून्य. आयर्लंडच्या टिपररी परगण्याचा मायकेल होगन हा असा कोपऱ्यातला बचावपटू. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानातल्या मुख्य प्रेक्षागृहाला आज त्याचे नाव आहे. अखिल आयर्लंड अंतिम सामना जिंकणारा कर्णधार ह्याच होगन स्टँडवर उभा राहून चषक उंचावतो. हे नाव होगनला कोणत्याही विजयामुळे मिळालेले नाही. २१ नोव्हेंबर १९२० च्या दुपारी, सामना चालू असताना, पोलिसांच्या गोळीने तो ह्या मैदानावर मारला गेला.

त्यामुळे त्याच्याविषयीच्या कागदांचा तोल विचित्र आहे. मृत्यूच्या आसपासच्या काही तासांबद्दल लष्करी आदेश आहेत, चौकशीतल्या साक्षी आहेत, डॉक्टरांचे जबाब आहेत, संसदेतली खडाजंगी आहे. त्याच्या खेळाबद्दल मात्र चार ओळी. मृत्यूचे कागद ज्यांनी तयार केले त्यांना होगनच्या खेळाशी काही देणेघेणे नव्हते. तरीही तेच कागद नीट लावले, एकमेकांवर ताडून पाहिले, की त्यांतून एक खेळाडू उभा राहतो. त्याला आधी खेळाडू म्हणून पाहिले, तर त्या दुपारचा सरकारी खुलासा कुठे फाटतो तेही स्वच्छ दिसते.

होगनचा जन्म १८९६ चा. घर करासिला ह्या वस्तीत, ग्रेंजमॉकलर गावाजवळ, स्लीव्हनामन डोंगराच्या परिसरात. किलकेनी परगण्याची सीमा तिथून जवळच. टिपररी म्हटले की आयरिश माणसाला प्रथम हर्लिंग हा दुसरा गेलिक खेळ आठवतो, पण परगण्याचा हा दक्षिण भाग फुटबॉलचा. क्लॉनमेल, फेदर्ड, मलिनाहोन, ग्रेंजमॉकलर ह्या गावांनी टिपररीच्या फुटबॉल संघाला पिढ्यानपिढ्या खेळाडू पुरवले. आयरिश खेळांची संघटना, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, १८८४ मध्ये स्थापन झाली तीही टिपररीतच, थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात. म्हणजे होगन ज्या मुलखात वाढला तिथे हा खेळ नुसत्या हौसेचा नव्हता. गावाची ओळख त्यात गुंतलेली होती, आणि राजकारणही.

होगन खेळत होता तो फुटबॉल आजच्यासारखा नव्हता. १९१३ पासून एका संघात पंधरा खेळाडू, त्याआधी सतरा. गोलखांब आडव्या दांड्याच्या वरपर्यंत गेलेले. चेंडू दांड्याखालून गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर एक गुण. चेंडू हाताने झेलता येतो, पायाने लांब मारता येतो. जड चामड्याचा चेंडू, ओले गवत, उंच उडवलेला फटका आणि त्याखाली खांद्याला खांदा लावून उडी मारणारे दोघे, हे त्या काळच्या सामन्याचे नेहमीचे दृश्य. गोलरक्षकाच्या पुढे तिघांची शेवटची फळी असे. तिच्या उजव्या कोपऱ्यात होगन. समोरच्या संघाचा एक चपळ आघाडीवीर त्याच्या वाट्याला येई आणि सामना संपेपर्यंत त्याला सोडायचे नाही, हे त्याचे काम.

ज्या संघात तो हे काम करत होता त्याची ताकद निकालांवरून कळते. १९१८ च्या स्पर्धेचा अखिल आयर्लंड अंतिम सामना फ्लूच्या साथीमुळे लांबत लांबत १६ फेब्रुवारी १९१९ रोजी झाला. वेक्सफर्डने तो ०-५ विरुद्ध ०-४ (आधी गोल, मग गुण) असा, एका गुणाने, जिंकला. वेक्सफर्डचे ते सलग चौथे अजिंक्यपद, आणि त्यांना एका गुणापर्यंत खेचणारा संघ टिपररीचा. १९२० पर्यंत आयर्लंडमध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. रेल्वे अनियमित, गावोगावी छापे, खेळांवर आधीपासूनच परवान्यांची बंधने. त्या वर्षीची स्पर्धा अर्ध्यावर अडकली. एवढ्या ताकदीच्या संघाला खेळायला सामनाच उरला नव्हता.

पहिला महत्त्वाचा कागद ह्या अडचणीतून आला आहे. १ नोव्हेंबर १९२० च्या ‘फ्रीमन्स जर्नल’मध्ये टिपररीच्या बाजूने एक जाहीर आव्हान छापून आले. त्याचा आशय असा : डब्लिनला आम्ही दोनदा ठामपणे हरवले असूनही आमच्या वरचढपणाबद्दल तिथे शंका घेतली जाते असे कळते, म्हणून पहिल्या मोकळ्या तारखेला, कोणत्याही मैदानावर, कोणत्याही कार्यासाठी आम्ही खेळायला तयार आहोत. त्याच दिवशी डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात केव्हिन बॅरी ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला फाशी दिले गेले. आदल्या दिवशी कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी ह्यांची अंत्ययात्रा निघाली होती; ब्रिटिश तुरुंगात दीर्घ उपोषण करून ते वारले होते. अशा आठवड्यात कोणता संघ सरस ह्यावर जाहीर वाद घालणे काहींना थिल्लर वाटेल. मला त्यात उलट गोष्ट दिसते. ही मंडळी खेळाला मनापासून खेळच मानत होती. युद्धाने त्यांची स्पर्धा हिसकावून घेतली होती आणि ती मिळेल त्या मार्गाने परत आणायची होती.

आव्हान स्वीकारले गेले. दुसरा कागद म्हणजे सामन्याचे तिकीट. त्याच्या काही प्रती आजही शिल्लक आहेत. रविवार, २१ नोव्हेंबर, क्रोक पार्क, वेळ दुपारी २.४५, प्रवेशमूल्य एक शिलिंग. उत्पन्न तुरुंगातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांसाठी. तिकिटावरची ही वेळ लक्षात ठेवायला हवी, पुढे ती फार मोलाची ठरते.

तिसरा कागद पुष्कळ उशिराचा. १९४७ ते १९५७ ह्या काळात आयरिश सरकारच्या ‘ब्यूरो ऑफ मिलिटरी हिस्टरी’ने स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्या लोकांचे १,७७३ जबाब नोंदवून घेतले. ते जनतेला खुले झाले २००३ मध्ये. त्यांत टिपररीचा खेळाडू टॉमी रायन ह्याचा जबाब आहे. संघ शनिवारी रेल्वेने निघाला. बॅलीब्रॉफी जंक्शनच्या सुमारास गाडीत लिंकनशायर रेजिमेंटच्या सैनिकांशी खेळाडूंची हाणामारी झाली. आता पोलीस वाट पाहत असतील ही भीती होती, म्हणून संघाने एका ठिकाणी उतरायचे टाळले. रायन आणि होगन हे दोघे आयरिश रिपब्लिकन आर्मीशी उघड संबंध असलेले. ते ठरलेल्या हॉटेलात न जाता टिपररीच्याच फिल शॅनहनच्या खानावळवजा दारूच्या दुकानात मुक्कामाला गेले. उद्या सकाळी काहीतरी मोठे घडणार, एवढे तिथे त्यांच्या कानावर आले.

तीस वर्षांनी सांगितलेली आठवण जपून वापरावी लागते. मारामारीतला पराक्रम म्हातारपणी वाढत जातो, हे कोणत्याही देशातल्या सैनिकी आठवणींना लागू आहे. पण ह्या जबाबात असा एक मुद्दा आहे जो सांगणाऱ्याच्या सोयीचा नाही, म्हणून वजनदार आहे. होगन सशस्त्र चळवळीतला होता, गावातल्या तुकडीचा अधिकारी होता, हे रायन लपवत नाही. हुतात्म्याला निव्वळ निष्पाप खेळाडू ठरवायचे असते तर हा भाग सहज गाळता आला असता. तेव्हा होगनची दोन्ही अंगे मान्य करूनच पुढे जायला हवे. तो रिपब्लिकन होता. आणि त्या रविवारी तो डब्लिनला आला होता फुटबॉल खेळायला.

रविवारी सकाळी आयरिश रिपब्लिकन आर्मीचा गुप्तचर प्रमुख मायकेल कॉलिन्स ह्याच्या माणसांनी डब्लिनमध्ये घराघरांत शिरून ब्रिटिश गुप्तचर असल्याचा संशय असलेल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. डझनाहून अधिक माणसे मेली. काही जण अंथरुणात, काही बायकोच्या डोळ्यांदेखत. त्यांतले सगळेच गुप्तचर नव्हते. त्या हत्यांत टिपररीच्या संघातला कोणी नव्हता. डब्लिन ब्रिगेडचे हॅरी कॉली ह्यांच्या जबाबानुसार ते आणि त्यांचे सहकारी दुपारी मैदानावर गेले, छापा पडणार आहे अशी सूचना त्यांनी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना दिली आणि सामना थांबवा म्हणाले. पदाधिकाऱ्यांपुढे पेच होता. मैदान भरत आले होते. आता दारे बंद करून गर्दी बाहेर काढायची तर चेंगराचेंगरीचा धोका, आणि सामना रद्द केला तर सकाळच्या घटनांशी संघटनेचा संबंध होता अशी कबुली दिल्यासारखे. सामना खेळवायचे ठरले.

गर्दीचे आकडे निरनिराळ्या वृत्तांतांत ५,००० पासून १५,००० पर्यंत आहेत. सामना अर्धा तास उशिरा, ३.१५ च्या सुमारास सुरू झाला. पंच किल्डेअरचे मिक सॅमन. होगनच्या वाट्याला डब्लिनचा फ्रँक बर्क आला होता. हा बर्क १९१६ च्या ब्रिटिशविरोधी उठावाचा नेता पॅट्रिक पीअर्स ह्याच्या सेंट एन्डाज शाळेचा विद्यार्थी आणि पुढे तिथलाच शिक्षक. त्या उठावात तो लढला होता, आणि हर्लिंगमध्ये त्याने डब्लिनकडून अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवलेले; फुटबॉलमधले त्याला पुढे मिळाले. कोपऱ्यातल्या बचावपटूची पत ओळखायची असेल तर त्याच्यासमोर कोणाला उभे केले आहे ते पाहावे. देशातल्या नामांकित आघाडीवीरांपैकी एकाला रोखायची जबाबदारी टिपररीने ग्रेंजमॉकलरच्या चोवीस वर्षांच्या होगनवर सोपवली होती. त्याच्या कारकिर्दीविषयीचे हे सर्वांत भरवशाचे प्रमाणपत्र, आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या नावात लिहिलेले आहे.

ह्या जोडीचा खेळ सुमारे दहा मिनिटे चालला.

छाप्याचा लष्करी आदेश उपलब्ध आहे. मैदान चहूबाजूंनी वेढायचे, सामना संपायच्या पाव तास आधी एका अधिकाऱ्याने कर्ण्यावरून सूचना द्यायची, मग बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुरुषाची झडती घ्यायची. पोलिसांच्या गाड्या कालव्याच्या बाजूने आल्या तेव्हा साधारण ३.२५ झाले होते. आदेश आणि तिकीट शेजारी ठेवले की घोटाळा ध्यानात येतो. २.४५ ला सुरू होणारा सामना गृहीत धरला तर ह्या सुमारास खेळ बराच पुढे गेलेला असायला हवा होता. प्रत्यक्षात तो नुकताच सुरू झाला होता, रांगा अजून दाराशी होत्या, तिकीटविक्रेते कालव्याच्या पुलाजवळ उभे होते. पोलिसांना गाड्यांकडे पाहून धावणारे लोक दिसले ते हेच असावेत. पण उशीर झाला म्हणून गोळीबार झाला, असे मात्र म्हणता येत नाही. कर्ण्यावरून कोणतीही सूचना दिली गेली नाही. गाड्यांतून उतरता उतरता गोळ्या सुटू लागल्या.

गोळीबार दीड मिनिटाच्या आसपास चालला. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या शिपायांनी २२८ फैरी झाडल्या. बाहेर सेंट जेम्स ॲव्हेन्यूच्या तोंडाशी उभ्या असलेल्या लष्करी चिलखती गाडीतल्या मशीनगनने लोकांच्या डोक्यांवरून ५० फैरी झाडल्या. हे दोन्ही आकडे सरकारी कागदांतले. १९९६ च्या ‘मायकेल कॉलिन्स’ चित्रपटात चिलखती गाडी थेट मैदानात घुसून खेळाडूंवर मारा करते, आणि तेच दृश्य आता जगभर लोकांच्या मनात बसले आहे. कागद ते नाकारतात. मैदानात जे घडले ते पोलिसांनी रायफली आणि रिव्हॉल्व्हर हाती घेऊन, माणसांकडे पाहत घडवले. यंत्राने केलेल्या माऱ्यापेक्षा ही गोष्ट जास्त गंभीर आहे, म्हणून चित्रपटातले दृश्य दुरुस्त करणे आवश्यक ठरते.

गोळ्यांचा आवाज येताच बरेच खेळाडू कडेच्या भिंतीकडे पळाले. काही जण गवतावर पालथे पडले. त्यांत बर्क आणि होगन होते. क्षणापूर्वी एकमेकांना अडवणारे दोघे आता जवळजवळ पडून मैदानाच्या कडेकडे सरपटू लागले. बर्क पुढे सांगत असे की त्या सरपटण्यात होगनला गोळी लागली. मलिनाहोनचा जिम ईगन धर्मगुरूला आणायला धावला. प्रेक्षकांतला थॉमस रायन नावाचा एक तरुण मैदानात शिरून होगनजवळ गुडघे टेकून बसला आणि मरणाऱ्याच्या कानात क्षमायाचनेची प्रार्थना म्हणू लागला. त्यालाही गोळी लागली. तोही वाचला नाही.

इथे नावांची गल्लत होऊ नये म्हणून थांबायला हवे, कारण अनेक वृत्तांत इथेच घसरतात. जबाब देणारा टॉमी रायन हा टिपररीचा खेळाडू. तो पळून क्लॉनलिफ रोडवरच्या एका घरात लपला, पकडला गेला आणि, त्याच्या सांगण्यानुसार, कपडे फाडून मैदानात परत आणला गेला. होगनजवळ मेलेला थॉमस रायन हा निराळा. तो मूळचा वेक्सफर्डकडचा, डब्लिनमध्ये गॅस कंपनीत काम करणारा. तसेच त्या दिवशीच्या मृतांत होगनही दोन आहेत. एक मायकेल, दुसरा लिमरिक परगण्याचा एकोणीस वर्षांचा टॉम होगन. तो प्रेक्षक होता आणि जखमी होऊन पुढे रुग्णालयात वारला. आणखी एक चूक वारंवार छापली जाते, ती म्हणजे मायकेल होगन टिपररीचा कर्णधार होता. कर्णधार होता फेदर्डचा नेड ओ'शे. मृत्यूनंतर होगनला बढती देण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण तो साधा बचावपटू होता आणि त्याचे मोठेपण सांगायला कर्णधारपद उसने आणावे लागत नाही.

एकूण चौदा जण गेले. जेरोम ओ'लिअरी दहा वर्षांचा, विल्यम रॉबिन्सन अकरा वर्षांचा, जॉन विल्यम स्कॉट चौदा वर्षांचा. जेन बॉइल ह्या सव्वीस वर्षांच्या तरुणीचे लग्न पाच दिवसांवर आले होते. मैदानातल्या खेळाडूंपैकी मेला तो एकटा होगन.

डब्लिन कॅसलमधून निघालेल्या सरकारी पत्रकाने सांगितले की सामन्याच्या आडोशाने टिपररीचे बंदूकधारी शहरात आले होते, आणि पहिल्या गोळ्या गर्दीतून सुटल्या. ब्रिटिश संसदेत जो डेव्हलिन ह्या आयरिश सदस्याने, सकाळच्या हत्यांवर एवढे बोलता मग क्रोक पार्कबद्दल मौन का, असा प्रश्न करताच एका सदस्याने भर सभागृहात त्याच्यावर झडप घातली. ‘फ्रीमन्स जर्नल’ने मथळ्यातच अमृतसरची पुनरावृत्ती डब्लिनमध्ये झाली असे म्हटले. जालियनवाला बागेला तेव्हा दीडच वर्ष उलटले होते, आणि डायरने हंटर समितीपुढे दिलेला १,६५० फैरींचा हिशेब ताजा होता. आयरिश वाचकाला ह्या तुलनेत आणखी एक बोच होती. डायरची पाठराखण करणारा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओ'ड्वायर हा टिपररीचाच. एकाच परगण्यातल्या दोन मायकेलांची नावे ह्या दोन मैदानांशी कायमची जोडली गेली. एकाने अमृतसरच्या गोळीबाराला संमती दिली, दुसरा तशाच गोळीबारात पडला.

चौकशी झाली, पण बंद दाराआड. मेटर आणि जर्व्हिस स्ट्रीट ह्या दोन रुग्णालयांत दोन लष्करी न्यायालये बसली. त्यांचे कागद ब्रिटिश वॉर ऑफिसच्या दप्तरात सुमारे ऐंशी वर्षे मिटलेले राहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी आयरिश संशोधकांनी ते उजेडात आणले तेव्हा सरकारी पत्रकाला सरकारी साक्षीदारांनीच तडा दिला होता हे कळले. कॉन्स्टॅब्युलरीचे शिपाई म्हणत होते की आमच्यावर आधी गोळ्या आल्या. दाराशी बंदोबस्ताला असलेल्या डब्लिन महानगर पोलिसांच्या जबाबांतून मात्र लोकांकडून असा हल्ला झाल्याचे निघत नव्हते. छाप्यातल्या मिश्र पोलीस दलाचा प्रमुख मेजर मिल्स ह्याने आपल्या अहवालात लिहिले होते की गोळीबाराची काही गरजच त्याला दिसली नाही. आणि झडतीत शस्त्रे सापडल्याचे त्याने नोंदवले नाही. न्यायालयांनी पहिली गोळी अज्ञात नागरिकांची असे मानले, पण पोलिसांचा गोळीबार आदेशाविना आणि प्रसंगाच्या गरजेपेक्षा जास्त होता असाही निष्कर्ष काढला.

ह्या निष्कर्षांवर डब्लिन विभागाचे लष्करप्रमुख मेजर जनरल बॉइड ह्यांनी शेरा मारला. तो कठोर आहे. गर्दीवरचा गोळीबार आदेशाविना, बेछूट आणि असमर्थनीय होता, असे ते लिहितात. आणि पुढे एक अपवाद जोडतात : कुंपणाच्या आत जो काही गोळीबार झाला असेल तो वगळून.

बहुतेक लेखक पहिला भाग उद्धृत करतात आणि पुढे जातात. होगनची हकीगत लिहिणाऱ्याला तसे करता येत नाही, कारण तो पडला कुंपणाच्या आत. ज्या एका वाक्यात ब्रिटिश लष्कराने त्या दुपारी अन्याय झाल्याचे कबूल केले, त्याच वाक्यातल्या अपवादाने होगनला त्या कबुलीबाहेर ठेवले. हा अपवाद कशाच्या आधारावर टिकतो? आत कोणीतरी सशस्त्र होते किंवा झडती चुकवत होते, असे समजले तरच. होगनच्या बाबतीत ही समजूत तपासणे सोपे आहे. त्याच्या अंगावर संघाचा पांढरा-हिरवा सदरा होता, आखूड चड्डी होती, पायात बूट. रिव्हॉल्व्हर लपवायला त्या पोशाखात जागा नाही. तो पळत नव्हता, पालथा पडून सरपटत होता. त्या मैदानावर नि:शस्त्र म्हणून दुरून ओळखू येणारी माणसे कोणती असतील तर ती म्हणजे ते तीस खेळाडूच. तो खेळाडू होता, ही एकच गोष्ट त्या अपवादाला निरुत्तर करायला पुरते. म्हणूनच त्याचे खेळाडूपण हा भावनेचा मुद्दा नाही, पुराव्याचा आहे.

होगनला ग्रेंजमॉकलरला नेऊन मूठमाती देण्यात आली. अडकलेली १९२० ची स्पर्धा युद्धविरामानंतर पुन्हा सुरू झाली. टिपररीने केरीला हरवून मन्स्टर प्रांत जिंकला आणि ११ जून १९२२ रोजी क्रोक पार्कवरच, डब्लिनविरुद्धच, अंतिम सामना खेळला. निकाल १-६ विरुद्ध १-२, म्हणजे नऊ गुणांना पाच. कर्णधार तोच नेड ओ'शे. नोव्हेंबर १९२० च्या आव्हानाचे उत्तर असे मिळाले. ज्या संघात होगनने शेवटचा कोपरा सांभाळला तो खरोखरच देशात पहिला होता. फुटबॉलमध्ये टिपररीला त्यानंतर एकदाही अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळालेले नाही.

त्याचा भाऊ डॅन मोनाहन परगण्याकडून फुटबॉल खेळला. जानेवारी १९२२ मध्ये संघासोबत प्रवास करताना तो उत्तरेत पकडला गेला, आणि १९२७ ते १९२९ ह्या काळात आयरिश सैन्याचा प्रमुख झाला. एकाच घरातल्या दोघा फुटबॉलपटूंपैकी एकाची कारकीर्द पदांच्या नोंदींनी भरलेली आहे. दुसऱ्याची कारकीर्द एका आव्हानपत्रातून, एका तिकिटातून आणि समोर उभ्या केलेल्या आघाडीवीराच्या लौकिकातून वाचावी लागते.

१९२० च्या दशकाच्या मध्यात क्रोक पार्कवर बांधलेल्या प्रेक्षागृहाला होगनचे नाव दिले गेले. १९५९ मध्ये नवे बांधले तेव्हा तेच नाव ठेवले, आणि आजच्या ८२ हजार प्रेक्षकांच्या मैदानातही ते कायम आहे. हा मान योग्यच होता. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की चौदांपैकी एकाचेच नाव सगळ्यांच्या तोंडी राहिले. आठ जणांच्या कबरींवर साधा दगडही नव्हता. आयरिश पत्रकार मायकेल फोली ह्यांनी २०१४ मध्ये ‘द ब्लडीड फील्ड’ ह्या पुस्तकात प्रत्येक मृताचे चरित्र शोधून काढले. त्यानंतर गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने कुटुंबीयांच्या संमतीने त्या कबरींवर एकेक करून शिळा बसवल्या. कागद तपासण्याचे काम किती दूरवर पोहोचते त्याचे हे उदाहरण आहे.

२२ नोव्हेंबर २०२० रोजी, शताब्दीच्या दुसऱ्या दिवशी, टिपररीचा संघ १९२० च्या धर्तीचे पांढरे-हिरवे सदरे घालून मन्स्टरच्या अंतिम सामन्यात उतरला आणि त्याने कॉर्कला ०-१७ विरुद्ध ०-१४ असे हरवले. १९३५ नंतरचे ते त्यांचे पहिले प्रांतिक अजिंक्यपद. वर्तमानपत्रांनी त्याला नियतीचा खेळ म्हटले. इतिहास लिहिणाऱ्याने त्यातून घ्यायची गोष्ट अधिक साधी आहे. शंभर वर्षांनी टिपररीच्या लोकांनी होगनची आठवण काढली ती एक सामना चांगला खेळून. जनरल बॉइडच्या शेऱ्यातला अपवाद अजून त्या कागदावर आहे आणि तिथून तो कोणी खोडणार नाही. तो वाचताना प्रत्येक वेळी शेजारी सामन्याचे तिकीट ठेवावे, फ्रँक बर्कची साक्ष ठेवावी आणि विचारावे की कुंपणाच्या आत, उजव्या कोपऱ्यात, त्या दुपारी होगन काय करत होता. उत्तर कागदांत आहे : तो आपल्या माणसाला अडवत होता, आणि ते काम त्याने गोळीबार सुरू होईपर्यंत केले.